व्हेल सोलायची जागा

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला समोर बसवून तोंड कसं उघडायचं हे शिकवणारा मुलगा कुणाच्या वाट्याला येऊ नये. रावसाहेबांच्या वाट्याला आला. टोरंटोत, नॉर्थ यॉर्कच्या कॉन्डोत, बाविसाव्या मजल्यावर, हातात चहाचा कप देऊन कपिलनं त्यांना सोफ्यावर बसवलं आणि ऑफिसात प्रेझेंटेशन देतात त्या सुरात एकेक मुद्दा सांगितला. सहलीच्या बोटीवर त्याचा साहेब मिलिंद असणार. मिलिंदसमोर ‘मले-तुले’ नको, नीट पुस्तकी बोलायचं. गाव विचारलं तर अकोला सांगायचं, त्याच्या पुढे जायचं नाही. भेटल्यावर ‘जय भीम’ नको, नमस्कार पुरे. आजोबांचा विषय निघालाच तर शेती होती म्हणायचं आणि गप्प बसायचं.

रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. अडतीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस, अकोल्याहून हेडपोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेला. भल्याभल्या साहेबांना त्यांनी नियमावर बोट ठेवून गप्प केलेलं. पण बेबी गेल्यापासून, म्हणजे बायको गेल्यापासून, ते मुलाच्या घरी राहत होते, आणि मुलाच्या घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याला नियम दाखवता येत नाहीत. चहा तेवढा गार झाला.

हे सगळं सुरू झालं ते एका ‘हो’वरून. आठ वर्षांपूर्वी कपिल नोकरीला लागला तेव्हा पहिल्याच आठवड्यात मिलिंदनं त्याला जेवणाच्या सुटीत गाठलं. मिलिंद पुण्याचा, राहायला रिचमंड हिलला, कपिलचा साहेब. कंपनीत आणखी एक मराठी माणूस आला म्हणून हरखून गेलेला. त्यानं विचारलं, वडगावकर म्हणजे ते इनामदार वडगावकर का, आमच्या मामांचे शेजारी? आता हे आडनाव आलं कुठून, तर रावसाहेबांना शाळेत घालताना मास्तरांनी पोराच्या भल्यासाठी म्हणून गावाच्या नावाला ‘कर’ जोडून दिला होता. पण एवढं सगळं नव्या साहेबाला सांगायला छाती लागते. कपिल म्हणाला, हो, त्यातलेच, पण लांबचे.

झालं. त्या एका ‘हो’वर आठ वर्षं मजल्यावर मजले चढले. मिलिंदच्या घरी गणपतीला आरतीचं ताट कपिलच्या हातात यायला लागलं. मिलिंद इकडे जेवायला यायचा त्या दिवशी हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो बेडरूममध्ये जायचा. कपिलची बायको रचना आधी भांडली, मग रडली, मग तिनं तोंडाला कुलूप घातलं. पाहुणे गेले की ती फोटो परत आणून खिळ्याला लावायची आणि भांडी घासायला घ्यायची. त्यांची मुलगी अनन्या अकरा वर्षांची झाली, पण पणजोबा काय करत होते हे सोडा, त्यांचं नावसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. घरात तो विषयच बंद होता.

आणि आता तर जीव टांगणीला लागलेला. कंपनीत डिरेक्टरची जागा निघाली होती, नाव सुचवायचं होतं मिलिंदनं. त्याच सुमारास त्यानं स्वतःहून हे बोटीचं काढलं. मिलिंदला पक्ष्यांचं वेड. सेंट जॉन्सहून एक छोटी बोट लॅब्राडोरच्या किनाऱ्यानं वर जाते, ओसाड बेटं दाखवते, पक्षी, सील आणि एका बेटावर जुनं, बंद पडलेलं व्हेल मारायचं स्टेशन. त्याच्या बायकोला बोट लागते, म्हणून ती येणार नव्हती. त्यानं कपिलला म्हटलं, तू चल, लेकीला घे, आणि काकांना तर घेच. माझे बाबा गेल्यापासून घरात मोठं माणूस नाही, बोलायला कुणी नाही. रचनाला सुटी नव्हती. साहेबाला नाही म्हणायची कपिलला सोय नव्हती. तर असे चौघं निघाले.

मिलिंद वाईट माणूस असता तर रावसाहेबांना सोपं गेलं असतं. पण तो लाघवी निघाला. बोट हलायला लागली की तो आल्याचा चहा घेऊन यायचा. डेकवर खुर्ची वाऱ्याच्या आडोशाला लावून द्यायचा, गुडघ्यावर पांघरूण टाकायचा, आपली भलीमोठी दुर्बीण त्यांच्या डोळ्याला लावून द्यायचा. पफिन पहिल्यांदा दिसला तेव्हा हा पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा ओरडला. पाण्यावरून फडफडत जाणारं ते गुबगुबीत पाखरू, चोच रंगवलेली, चेहरा कायम रुसलेला. रावसाहेबही हसले. मिलिंद त्यांना जुन्या गोष्टी विचारायचा, पोस्टातल्या, तारांच्या, मनीऑर्डरींच्या, आणि मन लावून ऐकायचा. स्वतःच्या पोरानं एवढं कधी विचारलं नव्हतं. पण बोलणं पोस्टाच्या मागे, गावाकडे सरकायला लागलं की कपिल कुठूनतरी उगवायचा. बाबा, जॅकेट घाला. बाबा, गोळी घेतली का? चार दिवस त्याचं खाण्यात लक्ष नव्हतं की व्हेलमध्ये. बापाच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघत होता, नालायक.

पाचव्या दिवशी बेट आलं. नकाशात त्याला काहीतरी मोठं नाव होतं, बोटीवरचे लोक नुसतं स्टेशन आयलंड म्हणत. उतरण्याआधी सगळ्यांचे बूट जंतुनाशकात बुचकळून घेतले, पक्ष्यांना बाहेरचा रोग लागू नये म्हणून. मग रबरी होडीतून दहा-दहा जणांना किनाऱ्यावर नेलं. एका अंगाला उभा कडा, त्यावर हजारो पक्षी, आणि त्यांचा असा कलकलाट की शेजारच्याचं बोलणं कळू नये. खडकांवर सील सुस्तावून पडलेले. दुसऱ्या अंगाला गंजून लाल झालेल्या, घराएवढ्या टाक्या, कोसळलेल्या शेडचे पत्रे, आणि त्यांच्यापासून पाण्यापर्यंत गेलेला लाकडी फळ्यांचा रुंद उतार. उताराच्या कडेला गवतात पांढरी हाडं. एक जबडा तर बैलगाडीच्या दांड्यांहून लांब.

गाईड होती ग्लेनिस म्हणून एक साठीची बाई, इथल्याच किनाऱ्यावरच्या गावातली. सगळ्यांना तिनं त्या उतारावर उभं केलं. म्हणाली, मेलेली व्हेल साखळदंडानं इथे ओढून आणायचे आणि इथेच सोलायचे. चरबी त्या टाक्यांमध्ये वितळवून तेल काढायचं. उन्हाळाभर दिवसरात्र काम. रक्तानं या फळ्या इतक्या निसरड्या व्हायच्या की माणसं बुटांना खिळे ठोकून चालायची. वास असा की गावी गेल्यावर पोरं जवळ यायची नाहीत. मग तिनं पाठीवरची कापडी गुंडाळी सोडली आणि आतून एक पातं काढलं, हॉकीच्या काठीसारख्या लांब दांड्यावर बसवलेलं. म्हणाली, हे माझ्या आजोबांचं. ते इथे सोलणारे होते. या किनाऱ्यावरचे सगळ्यात चांगले सोलणारे.

आणि हे तिनं मान ताठ करून सांगितलं. तिचं ऐकून कुणी नाकाला रुमाल लावला नाही. टोरंटोच्या, ऑटवाच्या चांगल्या शिकल्यासवरल्या बाया आदरानं ते पातं बघत होत्या, फोटो घेत होत्या. एकानं तर डोक्यावरची टोपी काढली.

सत्तर वर्षं रावसाहेबांच्या नाकात मेलेल्या ढोराचा वास गेला नव्हता, तरी आज त्यांना तो आला. पोटातून आला. ढोर पडलंय, असा गावातून सांगावा यायचा. मग त्यांचा बाप सोनाजी दोरखंड आणि बांबू घेऊन निघायचा, मागून सात-आठ वर्षांचा रावसाहेब. मेलेला बैल ओढत गावाबाहेर न्यायचा. वर गिधाडं घिरट्या घालायला लागलेली. सोनाजी सुरी दगडावर घासायचा, पोटाखालून एक सरळ रेघ मारायचा, आणि मग सुरी बाजूला ठेवून मूठ वळवायचा. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ सरकवत असा अलगद सोलायचा की कातड्याला एक भोक नाही. गावात त्याच्याइतका सफाईदार हात कुणाचा नव्हता. पण आपला बाप एखाद्या कामात सगळ्यात चांगला होता असं त्या कामाचं नाव घेऊन म्हणायची रावसाहेबांना आयुष्यात कधी वेळ आली नव्हती. असं म्हणता येतं, हेच त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

ग्लेनिस दाखवत होती, आजोबा असं कापत, असं कापत. रावसाहेबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. पोस्टातल्या इंग्रजीत म्हणाले, मॅडम, कटिंग कमी, पुलिंग जास्त. ग्लेनिसनं चमकून बघितलं. त्यांनी हात पुढे केला आणि तिनं पातं त्यांच्या हातात दिलं. मग त्या फळ्यांवर, दोन पाय फाकवून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसानं हवेत एक लांब रेघ मारून दाखवली. पातं किती आत घालायचं, मनगट कुठे थांबवायचं, म्हणजे खालचं मांस कापलं जात नाही. मग पातं खाली टेकवून मूठ वळवली आणि कातडं कसं सोडवायचं ते दाखवलं. ग्लेनिसचे डोळे भरून आले. ती म्हणाली, आजोबा अगदी हेच म्हणायचे, पात्यानं फक्त वाट दाखवायची, बाकी ओढ काम करते. तुम्हाला हे कसं माहीत?

“माय फादर,” रावसाहेब म्हणाले. “सेम वर्क. बुल, काऊ, बफेलो. आय अल्सो, स्मॉल बॉय. व्हेरी गुड हँड, माय फादर.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. आणि त्या टाळ्यांमध्ये मिलिंदनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

तो रागावला नव्हता. चेहऱ्यावर नुसता हिशेब न जुळल्यासारखा गोंधळ होता. “काका,” तो मराठीत म्हणाला, “तुमचे वडील?”

कपिल मध्ये आला. हसत आला, पण ते हसू बघून कुणालाही रडू यावं. म्हणाला, अरे बाबांचं इंग्लिश, त्यांना म्हणायचंय चामड्याचा व्यापार होता आजोबांचा, कानपूरच्या टॅनरीला माल जायचा. मिलिंदनं मान हलवली, पण कपिलकडे बघितलं नाही. तो रावसाहेबांकडे बघत राहिला. आठ वर्षांची सगळी इमारत आता म्हाताऱ्याच्या एका वाक्यावर उभी होती, आणि हे बापलेकांना दोघांनाही कळत होतं.

काय सांगावं? सांगण्यासारखं तर केवढं होतं. छप्पन साली सोनाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी पाटलाच्या वाड्यासमोर उभा राहून म्हणाला, आजपासून तुमचं ढोर तुम्ही ओढा. पाटलाचा बैल तीन दिवस गोठ्यात सडला. गावानं सगळ्या वस्तीला विहीर बंद केली, गिरणी बंद केली, मजुरी बंद केली. एका संध्याकाळी सोनाजीला धरून असा मारला की पुढे मरेपर्यंत तो लंगडत चालला. पण दोराला त्यानं परत हात लावला नाही. पोरगा शाळेतच जाईल, म्हणाला. त्या लंगड्या पायाच्या जिवावर रावसाहेब पोस्टमास्तर झाले, कपिल इंजिनिअर झाला, कॅनडा झाला, बाविसावा मजला झाला.

एक वाक्य. सोनाजीच्या पोराला ते सहज बोलता आलं असतं. ते जिभेवर आलं होतं.

पण त्यांनी कपिलकडे बघितलं. कपिलचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ कोरडे, डोळ्यांत नुसती गयावया. ही भीती रावसाहेबांनी पाहिलेली होती. पाटलाच्या दाराबाहेर, उन्हात, हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसांच्या तोंडावर ती असायची. तिच्यातून पोराबाळांना सोडवायला सोनाजीनं हाडं मोडून घेतली, आणि ती इथे, समुद्रापलीकडे, हजार डॉलरचं जॅकेट घातलेल्या नातवाच्या तोंडावर जशीच्या तशी. त्यांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. बाप असणं हे असं घाणेरडं काम आहे.

“हो,” रावसाहेब म्हणाले, स्वच्छ, पुस्तकी मराठीत. “व्यापार होता. त्या कामाला आम्ही माणसं ठेवली होती. मी लहानपणी बघायला जायचो.”

मिलिंदचा चेहरा मोकळा झाला. “तेच म्हटलं,” तो म्हणाला. “नाही, म्हणजे आपल्याकडे ते काम करणारे लोक वेगळेच ना.” वाईट शब्द एकही वापरला नाही त्यानं. हसून खांद्यावर हात ठेवला, मग त्यांना पुन्हा पातं हातात धरायला लावलं आणि तीन-चार फोटो काढले. इनामदार व्हेल सोलतायत, म्हणाला, आमच्या ग्रुपवर टाकतो. कपिल मोठ्यानं हसला. किती दिवसांनी तो असा सैल हसत होता. ग्लेनिसला मराठी कळत नव्हतं. ती रावसाहेबांचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली की तुमचे वडील आणि माझे आजोबा भेटायला हवे होते. रावसाहेबांना तिच्याकडे बघवेना.

परतीच्या होडीत कपिल त्यांना खेटून बसला. पाणी अंगावर उडत होतं. त्यानं बापाचा हात दाबला आणि कानाशी लागून म्हणाला, “थँक्स, बाबा.” जन्मात कधी त्यानं आभार मानले नव्हते, फीचे पैसे भरले तेव्हा नाही, की प्रॉव्हिडंट फंड मोडून परदेशी पाठवला तेव्हा नाही. रावसाहेबांनी हात सोडवून घेतला आणि नाक पुसल्यासारखं केलं. मनात एक अस्सल गावरान शिवी आली होती. ती मुलासाठी नव्हती.

संध्याकाळी बोटीच्या जेवणघरात गरम सूप वाटत होते. खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड होता आणि बेट मागे राहून बोटाएवढं झालं होतं. पलीकडच्या टेबलावर मिलिंद आणि कपिल कॉफी घेत होते. ऑफिसचं चाललेलं, आणि मध्येच मिलिंद म्हणाला ते रावसाहेबांना स्पष्ट ऐकू आलं, की परत गेल्यावर सोमवारीच तो वरती बोलणार आहे, काळजी करू नकोस. कपिलनं मान खाली घालून आभार मानले. मग अनन्या तिची वही घेऊन आजोबांसमोर येऊन बसली. सुटीत काय पाहिलं ते शाळेसाठी लिहायचं होतं. पफिनचं पान झालं होतं, सीलचं झालं होतं. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच यायचं. तिला त्या उतारावरचं लिहायचं होतं, पण आजोबांनी पातं हातात घेतलं तेव्हा ती खाली खडकांवरचे सील बघत होती. मिलिंद अंकलनं तिला सांगितलं होतं की तुमच्या घरी असं काम करायला माणसं होती.

“इज दॅट ट्रू, आजोबा?”

“हो, बेटा.”

“डू यू रिमेंबर एनीवन? व्हॉट वॉज हिज नेम?”

पलीकडे बोलणं थांबलं नव्हतं, पण कपिलची मान किंचित इकडे वळली होती. रावसाहेबांनी सुपाचा वाडगा बाजूला सारला. खोटं नाव सांगायला किती नावं होती. पण त्यांच्या तोंडून दुसरं नाव निघेना.

“सोनाजी,” ते म्हणाले.

तिनं लिहिलं. तो चांगला होता का, विचारलं. रावसाहेब म्हणाले, फार चांगला होता, त्याच्यासारखा हात पंचक्रोशीत नव्हता. पुढे त्याचं काय झालं, तिनं विचारलं. त्यानं एक दिवस काम सोडलं, ते म्हणाले. का? त्याला वाटलं, आपण माणूस आहोत. मग गाव चिडलं, त्याला पाणी बंद केलं, धान्य बंद केलं, मारलं. पाय मोडला त्याचा.

अनन्याचं पेन थांबलं. अकराच वर्षांची पोर, डोळे मोठे झाले तिचे.

“बट ही वर्क्ड फॉर अस,” ती म्हणाली. “डिडन्ट वी हेल्प हिम?”

कपिल आता सरळ इकडेच बघत होता. मिलिंद काहीतरी सांगत होता त्याला, ते त्याच्या कानात शिरत नव्हतं. रावसाहेबांनी मुलाकडे एकदा नीट बघून घेतलं.

“नाही,” ते नातीला म्हणाले. “आपण नाही केली मदत. आपण त्याला ओळखसुद्धा दिली नाही.”

अनन्यानं मान हलवली आणि तेही लिहून घेतलं.